एकेचाळीसच्या पुढं

१

हिरा खरा की खोटा हे सांगायला आजकाल मशीन मिळतं. टोक लावलं की पीं करतं. धाराशिवच्या सराफ लाइनीत शिवानंद पोतदारांच्या दुकानातही ते होतं, लेकीनं हौसेनं आणलेलं. पण पोतदारांचा भरवसा आपल्या तोंडच्या वाफेवर. खडा चिमट्यात धरायचा, ओठांजवळ न्यायचा आणि हळूच 'हाऽ' करायचं. काच असली तर वाफ वर बसून राहते. हिऱ्यावर ती टिकतच नाही, बसली न बसली तोच उडून जाते. बापानं शिकवलेली रीत, आणि ती आजवर कधी चुकली नव्हती.

माणूस तसा चोख. सोनार सख्ख्या आईचं सोनंही सोडत नाही म्हणतात, पण पोतदारांबद्दल तसं बोलायची कुणाची छाती नव्हती. एक खोड मात्र अख्ख्या लाइनीला ठाऊक होती. मणी असोत की घुंगरं, चाळीसपर्यंत पोतदार स्वतः मोजायचे आणि मग चष्मा काढून हाक मारायचे, "ज्ञाना, पुढचं तू बघ गं." शेजारचे चेष्टा करायचे, मास्तरांनी चाळीसपर्यंतच शिकवलं वाटतं! पोतदार हसून सोडून द्यायचे. ज्ञानेश्वरी, त्यांची सत्तावीस वर्षांची एकुलती एक लेक, पुढचं मोजायची. का, हे तिनंही कधी विचारलं नव्हतं.

त्या सोमवारी, अकराच्या सुमाराला, दुकानाच्या पायरीवर एक बाई येऊन उभी राहिली.

"वळखलं का, दादा?"

पोतदार गादीवरून उठलेच. ईटच्या बब्रुवान मेंढक्याची बायको, अयोध्याबाई. साठी उलटलेली, कपाळ मोकळं, डोईवरचा पदर घट्ट ओढलेला.

"वहिनी, तुम्हाला नाही ओळखलं तर माझ्यासारखा करंटा मीच! या, वर या. ज्ञाना, पाणी आण."

"येडशीला गाडी बदलताना वान्नरानं पिशवी धरली व्हती. पर सोडली न्हाय म्या." अयोध्याबाईंनी पिशवीतून एक निळी डबी काढली आणि पोतदारांच्या पुढ्यात ठेवली. "ह्यात हायेत आमचे मालक."

डबीत ज्वारीच्या दाण्याएवढा हिरा होता. पांढराशुभ्र नव्हे, आत निळसर झाक, खोल पाण्याला असते तशी.

"पोरीचं डोकं हो," अयोध्याबाई सांगू लागल्या. "आमची शिवांजली पुण्याला कंपनीत हाय. सावडायच्या दिशी निम्मी राख आमी बांधावरच्या लिंबाला घातली आन् निम्मी तिनं डब्यात भरली. आमाला वाटलं, गंगेला नेईल. तिनं धाडली फॅक्टरीत. राखंतला कोळसा काढत्यात म्हणं, आन् मिशनीत घालून असा दाब देत्यात की जमिनीच्या पोटात कैक युगं लागत्यात ते काम काई म्हैन्यात उरकतं. जल्मभर उन्हात काळा ठिक्कर पडलेला माणूस, मेल्यावर उजळला बघा!"

आणि त्या हसल्या. हसता हसता डोळे पुसले.

शुक्रवारी बब्रुवानाचं वर्षश्राद्ध होतं. त्याआधी देव्हाऱ्यात त्याचा टाक बसवायचा होता. टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर उठवलेली पितराची मूर्ती. घराण्यात मोठा माणूस गेला की करतात.

"घोड्यावर बसवू का? रीत तशी आहे."

"अवो, घोडा कुठला! गाढवावर बसला न्हाय कधी. नुसता हुभा करा. आन् खडा हितं बसवा." त्यांनी आपल्या छातीवर हात ठेवला. "दम तितंच व्हता सगळा."

गुरुवारी न्यायला येते म्हणून त्या गेल्या. पोतदारांनी खडा चिमट्यात धरला. केलं 'हाऽ'. वाफ बसली आणि लगेच उडाली. चोख हिरा. माणसांनी राखेतून असं काही घडवावं, या कौतुकानं ते कितीतरी वेळ बघत राहिले.

मग खडा डबीत ठेवणार, तोच त्याच्यावर पुन्हा वाफ धरली. पोतदारांनी 'हाऽ' केलेलं नव्हतं.

२

बब्रुवान कोण, हे भूम तालुक्यात कुणाला सांगावं लागत नाही. बाहेरच्यांसाठी सांगतो.

धंद्यानं मेंढका, पण नाव झालं ते बुडीनं. आपल्याकडच्या विहिरी दहा-बारा परस खोल. परस म्हणजे उभ्या माणसानं हात वर केला की जेवढं होईल तेवढं. कुणाची मोटर आत पडली, कुणाचं वासरू, कुणाचं लेकरू, की सांगावा बब्रुवानाला. तो यायचा, विहिरीला हात जोडायचा, तीन आखूड श्वास घ्यायचा, चौथा लांब, आणि गडप. वरच्या बाया रडायला लागायच्या तरी गड्याचा बुडबुडासुद्धा दिसायचा नाही. मग पाणी फोडून वर यायचा, हातात घ्यायला गेलेली वस्तू, आणि तोंडातून एकच शब्द, "बास." भाकरीपलीकडं त्यानं कधी कुणाकडून काही घेतलं नाही. एकोणीस माणसं त्यानं जिती बाहेर काढली. एकोणीस! एवढं पुण्य गाठीला बांधलेला माणूस मेला तो घरच्या खाटेवर, दुपारच्या झोपेत.

त्याची एक अट असायची. वर कुणीतरी मोठ्यानं मोजत राहायचं.

"खाली गेलं की डोळ्याचा काई उपेग न्हाय," तो सांगायचा. "वर कुठं, खाली कुठं, कळत न्हाय. आवाज येईल तिकडं वर. म्हणून मोजणाऱ्यानं थांबायचं न्हाय. काय बी हू द्या. म्या वर यीन, बास म्हणीन, तवाच थांबायचं."

बावीस वर्षांपूर्वी पोतदार सासुरवाडीला ईटला गेले होते. दुपारी शेतात हुरड्याचा बेत. विहिरीला कठडा नव्हता. पाच वर्षांची ज्ञाना खेळता खेळता आत गेली आणि तिच्यामागं, पोहता येत नसताना, तिची आई शिवकांता. बब्रुवान आणि अयोध्याबाई शेजारच्या शिवारातच मेंढरं चारत होते. बब्रुवान धावत आला. पोतदारांच्या खांद्याला धरून म्हणाला, "मोजा!"

पोतदार मोजू लागले. सत्तरला तो वर आला, काखेत ज्ञाना. पोरीला बापाच्या पायाशी ठेवलं, पुन्हा म्हणाला, "मोजा," आणि शिवकांतासाठी दुसरी बुडी मारली. त्या बुडीतून तो रिकाम्या हातानं वर आला. कपारीवर आपटून कपाळ फुटलेलं. मग तिसरी बुडी, चौथी, दिवस कलेपर्यंत किती ते कुणाला सांगता येत नाही. शिवकांता सापडली दुसऱ्या दिवशी, पंप लावून विहीर उपसल्यावर.

बब्रुवान पोतदारांच्या पायाशी बसून रडला. "माझाच दम कमी पडला, दादा. एक बुडी ऱ्हायली माझी."

लोकांनी त्याची समजूत घातली. पोतदार मात्र एक शब्द बोलले नाहीत. त्यानंतर त्यांनी ईटची वाट धरली नाही. बब्रुवान गेला, तरी मातीला गेले नाहीत.

३

मंगळवारी पोतदारांनी पंखा बंद केला. दुकानाचं काचेचं दार लावलं. डोक्यात एकच, हे काहीतरी हवेतल्या दमटपणाचं आहे. पण मार्च महिना, धाराशिवचं ऊन, दमटपणा आणायचा कुठून? तरी त्यांनी पारख करायची ठरवली. शेजारी एका गिऱ्हाइकाची हिऱ्याची अंगठी ठेवली. दोन्हीवर काचेचा पेला पालथा घातला आणि खुर्ची मागं सरकवून बसले.

अंगठी कोरडीच राहिली.

बब्रुवानाच्या खड्यावर वाफ धरली. मधोमध एक ठिपका, तो पसरत कडेपर्यंत गेला आणि विरला. पुन्हा स्वच्छ निळा खडा. पोतदारांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. पुढची वाफ यायला सव्वा मिनिट लागलं. त्यापुढची त्याहून जरा उशिरा आली.

"ज्ञाना, इकडं ये. हे बघ जरा."

ज्ञानेश्वरीनं पेला उचलला, खडा मशीनला लावला. मशीननं पीं केलं. "खरा आहे की, आप्पा."

"तसं नव्हे. थांब थोडी."

दोघं थांबली. वाफ आली. ज्ञानेश्वरीच्या कपाळाला आठी पडली. "खड्यात कुठं चीर असंल, आत ओल राहिली असंल. कारखान्यातला माल, आप्पा. खाणीतला थोडाच आहे?"

"हिऱ्यात ओल?"

"मग काय, ते श्वास घेतायत म्हणू?" ती सहज बोलून गेली आणि मग तिलाच कसंसं झालं. ती उठून पुढं गेली.

पोतदारांनी भिंग डोळ्याला लावलं. चीर नव्हती. खरं सांगायचं तर, त्यांना भीतीपेक्षा नवल जास्त वाटत होतं. वाफ खड्याच्या बाहेरून बसत नव्हती. चष्म्याच्या काचेवर आपण 'हाऽ' करतो तेव्हा वाफ आपल्या बाजूला बसते. ही पलीकडच्या बाजूनं बसत होती. आणि दुकानात, जिथं जन्मभर टाकणखार आणि तेजाबाचा वास, तिथं ओल्या दगडाचा, शेवाळाचा बारीक वास येत होता.

दिवेलागणीच्या आधी त्यांनी शेवटची वाफ पाहिली. तिला चार मिनिटं लागली होती.

४

बुधवारी त्यांनी टाक उठवला. हात अजून तयार होता बुवा! पत्र्यावर बब्रुवान उभा राहिला, रुंद खांदे, पोटाशी खोचलेलं धोतर, मान जराशी वर. चेहरा करताना पोतदारांना काही आठवावं लागलं नाही. छातीत त्यांनी खड्यासाठी घर पाडलं. त्यांच्या घराण्याचं काम बंद घराचं. खडा बसवायचा, मागं गरम लाख ओतायची, वरून पत्रा. एकदा लाख भरली की खडा जन्माचा पक्का, ना हवा ना पाणी.

लाखेची कांडी हातात घेतली आणि त्यांचा हात थांबला.

खडा पुढ्यात होता. शेवटची वाफ येऊन किती वेळ झाला? सहा मिनिटं, सात? एवढा वेळ माणूस खाली राहतो का? पोतदारांना स्वतःचाच राग आला. अरे, कोण माणूस, कसलं खाली! कोळशाचा खडा आहे तो, कोळशाचा! पण ओठ हलायला लागले होते.

"एक. दोन. तीन."

दहापर्यंत काही झालं नाही. विसाला खड्याच्या मधोमध ठिपका आला. पोतदारांचा आवाज वाढला. तीस. ठिपका मोठा झाला. आवाजासरशी तो पुढं येत होता, यात आता शंका नव्हती. पस्तीस. अडतीस. वाफेत काहीतरी हललं. चाळीस. एकेचाळीस.

आणि पोतदारांचं तोंड मिटलं.

कसं मिटलं ते त्यांनाच ठाऊक. बावीस वर्षांपूर्वी दुसऱ्या बुडीला ते असेच मोजत होते, आणि एकेचाळीसला पायाशी पडलेली ज्ञाना खोकली होती. पोटातलं पाणी तोंडातून आलं, पोर जगली! बाप खाली वाकला, पोरीला उराशी धरलं, तिची पाठ चोळत राहिला. मोजणं राहून गेलं. किती वेळ, देव जाणे. भानावर आले तेव्हा बब्रुवान कपाळ फोडून, भलत्याच कपारीजवळून वर येत होता.

हे त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं. बब्रुवानानंही चारचौघांत नाही. सगळा दोष त्यानं आपल्या छातीवर घेतला, आणि यांनी तो घेऊ दिला.

वाफ अर्धवटच विरली. पोतदार बसून राहिले. एक तास गेला, दोन गेले. दुकान बंद करायची वेळ झाली तरी खडा कोरडा ठणठणीत होता.

५

गुरुवारी अयोध्याबाई दुपारी तीनलाच आल्या. टाक हातात घेऊन बराच वेळ बघत राहिल्या, आणि मग त्यांनी नवऱ्याच्या चांदीच्या गालावरून बोट फिरवलं.

"आत्ता बोलंल असं वाटतंय. दादा, हाताला सोनं लावाय पायजे तुमच्या!" मग त्यांची नजर पेल्याखालच्या खड्याकडं गेली. "बसवला न्हाय अजून?"

"वहिनी, एक सांगायचंय." पोतदारांनी पेल्यावर हात ठेवला. "हा खडा कालपासून..."

"श्वास घेईना झालाय," अयोध्याबाई म्हणाल्या.

ज्ञानेश्वरी मागच्या खोलीत चहा करत होती. कपाचा आवाज थांबला.

"घरी असताना घ्यायचा," अयोध्याबाई शांतपणे बोलत होत्या. "देव्हाऱ्यात ठिवला व्हता. पोरीला दिसायचं न्हाय, मला दिसायचं. म्या भ्याले न्हाय. नवऱ्याला काय भ्यायचं? पर येळ वाढाय लागला. म्हणून घिऊन आले."

"माझ्याकडंच का?"

"धाव्याला कावळा शिवंना." त्या खड्याकडंच बघत होत्या. "पिंड ठिवला, समदी बसली. पोरीनं सांगितलं, आईला संबाळीन. त्येच्या भावानं सांगितलं, मेंढरं इकणार न्हाय. कावळे झाडावर गप बसलेले. उन्हं कलली. मग माझ्या ध्यानात आलं. म्या म्हणलं, तुमाला पोतदाराकडं नेते. म्हणायचा उशीर, दादा, कावळा उतरला."

पोतदारांनी पुढ्यातली लाखेची कांडी बाजूला सारली.

"त्या दिशी म्या बी हिरीच्या काठालाच व्हते," अयोध्याबाई म्हणाल्या. "तुमी मोजायचं थांबला, ते म्या बघितलं. तुमच्या जागी म्या असते तर म्या बी लेकरूच उचललं असतं. त्यो बी तसंच म्हणला. एकदाच बोलला, माझ्यापशी. म्हणला, अयोध्या, बाईचा हात हाताला लागला व्हता गं. बांगड्या लागल्या व्हत्या. मग आवाज बंद झाला, आन् मला वर कुठं ते कळंना."

पोतदारांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"रडू नका. रडून मोजता यायचं न्हाय." अयोध्याबाईंचा आवाज कडक झाला. "उद्या देव्हाऱ्यात बसवायचाय. तुमी आज लाख ओतली, तर त्यो खालीच ऱ्हाईल. कायमचा. आन् एकटा न्हाय ऱ्हायचा. कळतंय का म्या काय म्हणते ते?"

कळत होतं. तेच तर भय होतं. बावीस वर्षं पाण्याखाली असलेलं काय वर येईल, याचं भय. आणि काहीच वर येणार नाही, याचं त्याहून मोठं.

६

ज्ञानेश्वरी चहा घेऊन आली आणि बापाचं तोंड बघून ट्रे घेऊन तशीच मागं उभी राहिली. पोतदारांनी पेला बाजूला केला. त्यांच्यासमोर गिऱ्हाइकांनी दागिना घालून बघायचा आरसा होता. त्यात त्यांचा चेहरा, मागं लेक, पलीकडं अयोध्याबाई, आणि बाहेर रस्त्यावरचं तीन वाजताचं पांढरं ऊन.

"एक," पोतदार म्हणाले.

खडा कोरडा. दहा. वीस. बाहेर रिक्षावाले गिऱ्हाइकासाठी ओरडत होते. तीसला खड्याच्या तळाशी काहीतरी गढूळ झालं. शेवाळाचा वास आला, आणि या वेळी तो अयोध्याबाईंनाही आला, कारण त्यांनी खोल श्वास घेतला. पस्तीस. छत्तीस. ठिपका पुढं सरकला. पोतदार ओरडून मोजत होते. शेजारच्या दुकानातून कुणीतरी डोकावलंही असेल.

"चाळीस! एकेचाळीस!"

मागं ट्रे पडला. कप फुटले. आणि ज्ञानेश्वरी खोकली.

तो सर्दीचा खोकला नव्हता. पोटातून, बुडालेल्या माणसाचा, पाण्यानं भरलेला खोकला. पोतदारांनी तो आयुष्यात एकदाच ऐकला होता आणि बावीस वर्षं रोज झोपेत ऐकत आले होते. फरशीवर पाणी पडल्याचा आवाज झाला. मग गुडघे टेकल्याचा. मग श्वासासाठी चाललेली ती तडफड. आपली पोर! एकुलती एक पोर मागं गुदमरत होती, आणि त्यांची मान आपोआप वळायला लागली.

"मागं बघू नका!" अयोध्याबाई किंचाळल्या. त्या उठल्या, पदर खांद्यावर पडला, आणि धावत जाऊन त्यांनी पोरीला धरलं. "तिला म्या घेतलीय! माझ्याजवळ हाय पोर! तुमी मोजा, दादा!"

कुठला बाप मोजेल? पण त्या दिवशी विहिरीवर असंच कुणीतरी म्हणायला हवं होतं, आणि कुणी म्हणालं नव्हतं. पोतदारांनी टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली. गालांवरून पाणी वाहत होतं. नजर खड्यावरून हलू दिली नाही.

"बेचाळीस," ते म्हणाले.

त्रेचाळीस. चव्वेचाळीस. हे आकडे त्यांनी बावीस वर्षांत तोंडातून काढले नव्हते. जीभ अडखळत होती. पन्नास. साठ. मागं खोकला, पाणी, अयोध्याबाईंचं "ओक बाळा, ओक समदं" आणि पाठीवर थापटल्याचा आवाज. सत्तर. शंभर. खड्यावर वाफेचं नावही नव्हतं आता, नुसता निळा खोल काळोख. दीडशे. आवाज बसला, तरी मोजत राहिले. दोनशे. आता ज्ञाना खोकत नव्हती. रडत होती, की गप झाली होती? विचारता येत नव्हतं. आणि खाली त्या अंधारात तो भला माणूस, ज्याला एकदा त्यांनी वाऱ्यावर सोडलं होतं, अजून त्यांच्याच आवाजाच्या भरवशावर होता. एवढा मोठा मनाचा माणूस! तीनशे एक. तीनशे दोन.

तीनशे अकराला खड्यावर वाफ धरली.

पूर्ण, कडेपर्यंत. आणि ती विरायच्या आत तिच्या शेजारीच, तिच्याहून लहान, घाईघाईची दुसरी वाफ. मग पुन्हा मोठी. पुन्हा लहान.

"तीनशे बारा!" पोतदार हंबरल्यासारखे ओरडले.

वाफेवर आतल्या बाजूनं एक स्वच्छ रेघ उमटली. कुणीतरी बोटानं काच पुसावी तशी. पोतदारांनी भिंगाला हात घातला नाही. तेवढं धाडस त्यांच्यात नव्हतं. त्यांनी नजर वर केली, आणि ती नेमकी आरशात गेली.

आरशात त्यांच्या खांद्यामागं एक मनगट होतं. पाण्यानं सुरकुतलेलं, पांढरं फटक, आणि त्यात हिरव्या बांगड्या. ते मनगट दुसऱ्या एका काळ्या, रापलेल्या हातानं गच्च धरलेलं होतं. बांगड्यांतून पाणी ठिबकत होतं. मनगटाच्या वरचं बघायला मान अजून थोडी उचलावी लागली असती.

पोतदारांनी डोळे मिटले आणि मोजत राहिले. तीनशे तेरा. तीनशे चौदा. थांबायचं नाही. काय बी होवो.

"बास," कुणीतरी म्हणालं.

दम लागलेला, ओला, पुरुषी आवाज. पोतदार थांबले.

७

दुकानात इतकी शांतता होती की बाहेरच्या उन्हात कुत्र्यानं अंग झटकलेलं ऐकू आलं.

पोतदारांनी डोळे उघडले. आरशात ते स्वतः, रस्ता, ऊन. खडा कोरडा होता. त्यांनी ओठ जवळ नेले आणि 'हाऽ' केलं. वाफ बसली न बसली तोच उडाली. जगातल्या कुठल्याही चोख हिऱ्यावरून उडते, तशीच.

मग ते वळले.

ज्ञानेश्वरी फरशीवर बसली होती, केस ओले, भोवती पाण्याचं थारोळं, त्यात कपांचे तुकडे. श्वास घेत होती. व्यवस्थित, एकामागून एक. ती बापाकडं बघत नव्हती. दुकानाच्या दाराकडं बघत होती, आणि सत्तावीस वर्षांच्या त्या बाईच्या तोंडावर पाच वर्षांच्या पोरीचं हसू होतं.

"आप्पा," ती म्हणाली, "आई किती बारीक दिसत होती हो."

पाण्यातून उघड्या पायांचे ठसे दाराकडं गेले होते, दोन मोठे, दोन लहान, आणि उन्हात पायरीवर जाईपर्यंत ते वाळूनही चालले होते. त्यांनी तिकडं पाहायचं टाळलं आणि लेकीजवळ जाऊन बसले. तिचा तळहात आपल्या गालाला लावला. गरम होता.

अयोध्याबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. पोरीला सावरताना पदर पडला होता. त्यांची नजरही दाराकडंच. त्यांनी सावकाश पदर उचलला आणि घरधनी बाहेरून आल्यावर बायका घेतात तसा नीट डोक्यावर घेतला.

"लई येळ लावला ह्या बुडीला," त्या दाराकडं बघून म्हणाल्या.